कोणतं वाचू, भाऊ? या खेपेला मारेकरी

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की मे महिन्यात जाडजूड फँटसी कादंबऱ्या वाचाव्या, बारा ते पाच नागपुरात तसंही कोणी घराबाहेर पडत नाही, आणि तेवढ्यावरून एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. त्यातही निम्म्याहून जास्त लोकांना मारेकऱ्यांच्याच गोष्टी पाहिजेत. शांत शहर आहे म्हणतात आपलं! असो. काहींना थोडक्यात उत्तर देतो, काहींना देता देता लांबलंय, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम ऑफ थ्रोन्स सिरीयल पाहून झाली, त्यातलं आर्या त्या बिनचेहऱ्याच्या लोकांकडे शिकायला जाते ते मला सगळ्यात जास्त आवडलं. तसं पुस्तक पाहिजे, म्हणजे मारेकरी तयार कसा होतो ते. मित्र म्हणतो रॉबिन हॉब वाच, पण रिव्ह्यू पाहिले तर सगळे स्लो आहे स्लो आहे करून राहिले. काय करू? (मानेवाडा)

उत्तर: मित्राचं ऐक. आणि स्लो आहे हेही खरंय, ते लपवून फायदा नाही, कारण पन्नासाव्या पानावर तू मला शिव्या घालशील.

पहिलं पुस्तक 'असॅसिन्स अप्रेंटिस', १९९५ चं. सहा वर्षांचं एक पोर, युवराजाचं अनौरस, आईचा बाप त्याला हाताला धरून किल्ल्याच्या दारापर्यंत आणतो, शिपायाच्या हवाली करतो आणि मागे न पाहता निघून जातो. पोराला धड नाव पण नाही. मग ते वाढतं तबेल्यात, कुत्र्याच्या पिल्लाला कुशीत घेऊन, घोड्यांचं पाहणाऱ्या बरिच नावाच्या माणसाच्या धाकात. हे सगळं निवांत चालतं, आणि तू वाट पाहत बसतो की सुरा कधी निघेल. सुरा निघतच नाही. निघतो तो राजा, म्हणजे त्या पोराचा सख्खा आजा. तो एक दिवस त्याच्याकडे नीट पाहतो आणि हिशोब करतो की असं घराण्याचं रक्त मोकाट सोडलं तर उद्या कोणी दुसरा ते आपल्याविरुद्ध वापरेल, त्यापेक्षा आपणच जेवण, कपडे, शिक्षण देऊन त्याला विकत घेतलेलं बरं. मला विचारशील तर पुस्तकातला सगळ्यात थंड वार तोच आहे, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

मग शिक्षण सुरू होतं. मध्यरात्री चेड नावाचा एक म्हातारा पोराच्या अंथरुणापाशी येऊन उभा राहतो, हातात दिवा, चेहऱ्यावर व्रण, आणि त्याला चोर जिन्याने वर घेऊन जातो. वर विषं, जडीबुटी, माणसं ओळखणं, ऐकलेलं शब्दाला शब्द लक्षात ठेवणं, असे धडे. पोराला हे आवडायला लागतं, कारण जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी नीट बोलून राहिलं. आणि एक दिवस चेड म्हणतो, जा, राजाच्या खोलीतून एखादी वस्तू उचलून आण, गंमत म्हणून. पोरगं नाही म्हणतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरात चोरी करणार नाही म्हणतं. बस, त्या रात्रीनंतर चोर जिन्याचं दार उघडणं बंद. पोरगं रोज रात्री जागं राहून वाट पाहतं आणि कोणी येत नाही. मी ते प्रकरण वाचून राहिलो होतो तेव्हा कूलरमधलं पाणी संपून पंप कोरडा घरघरत होता, घरचे आतून ओरडून राहिले होते, आणि मी उठलो नाही. एवढं सांगतो आणि पुढचं सांगत नाही.

१९९५, १९९६, १९९७ अशी तीन पुस्तकं लागोपाठ आली, ती आधी वाच. त्याच जगात पुढे आणखी येत गेली, सगळी मिळून १६ होतात, शेवटचं २०१७ चं. मधूनच उचलू नको, नाहीतर कोण मेलं कोण जगलं ते सगळं आधीच कळेल.

आणि खरंच धीर नसेल तर ब्रेंट वीक्सची 'नाईट एंजल' ट्रिलॉजी घे. २००८ च्या शेवटी शेवटी तिन्ही पुस्तकं एकामागून एक महिन्याला एक अशी आली होती, तशीच वाचूनही होतात. इथे झोपडपट्टीतलं पोरगं स्वतःच शहरातल्या सगळ्यात भारी मारेकऱ्याच्या मागे लागतं की मला शिकव. तो गुरू सांगतो की कोणावर माया लावलीस की मेलास. इथे सुरे भरपूर, रक्त भरपूर, धावपळ भरपूर, आणि भाषा म्हणशील तर ठीकच. लहान मुलांचे हाल बरेच आहेत सुरवातीला, ते सहन होत नसतील तर हात लावू नको. मला विचारशील तर वीक्स दोन रात्रीत वाचून झाला आणि विसरलो, हॉब अजून डोक्यात आहे.

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. तिला 'थ्रोन ऑफ ग्लास' पाहिजे, वर्गातल्या सगळ्या मुली वाचताहेत म्हणे. कव्हरवर तलवार घेतलेली मुलगी दिसते. कोणी म्हणतं मुलांचं आहे, कोणी म्हणतं अजिबात देऊ नका. खरं काय? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: ताई, दोघंही खरं बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या भागांबद्दल बोलताहेत.

सेरा जे. मास यांची ही मालिका २०१२ ला सुरू झाली आणि २०१८ ला संपली, सात कादंबऱ्या, शिवाय 'द असॅसिन्स ब्लेड' नावाचं आधीच्या गोष्टींचं एक पुस्तक. अठरा वर्षांची मारेकरी मुलगी मिठाच्या खाणीत कैदेत सडत असते, राजपुत्र येऊन म्हणतो की माझ्याकडून स्पर्धेत उतर, जिंकलीस तर काही वर्षं राजाची चाकरी आणि मग सुटका. पहिला भाग नववीतल्या मुलीला द्यायला काही हरकत नाही. मारामारी आहे, एक भुताटकीचा प्रकार आहे, थोडं प्रेमबीम आहे, आपल्या टीव्हीवर त्याहून जास्त चालतं. पण पुढे पुढे लेखिका आणि नायिका दोघीही मोठ्या होत जातात आणि शेवटच्या तीन-चार भागांत प्रकरण चांगलंच मोठ्यांचं होतं. तेव्हा पहिले दोन द्या, आणि तिसऱ्यापासून तुम्ही तिच्या आधी वाचा. उलट मी तर म्हणतो सोबतच वाचा, तिला आवडेल. आणि ह्याच लेखिकेची ती दुसरी मालिका, परीराज्याची, काटे आणि गुलाबवाली, ती मुलगी मागेल दोन महिन्यांनी, ती सरळ मोठ्या माणसांसाठी आहे. नाही म्हणा. रुसेल, रुसू द्या.

एक तक्रार मात्र माझी आहे. ही पोरगी देशातली सगळ्यात खतरनाक मारेकरी आहे असं आपल्याला पंचवीस वेळा सांगतात, पण पहिल्या भागात ती मारण्यापेक्षा कपडे आणि मिठाई ह्याच्यातच जास्त रमते. मला सुरवातीला राग आला होता. मग विचार केला की वर्षभर खाणीत काढलेल्या पोरीला मिठाई दिसली तर ती खाईलच नं.

मुलीला हसायला आवडत असेल तर टेरी प्रॅचेट यांचं 'पिरॅमिड्स' घ्या, १९८९ चं. त्यात मारेकऱ्यांची रीतसर गिल्ड, म्हणजे धंद्याची संघटना आहे, आणि तिची शाळा शहरातली सगळ्यात नामांकित शाळा, मोठमोठ्या घरचे लोक पोरांना तिथे टाकायला धडपडतात कारण शिक्षण चांगलं मिळतं. सुरवातच फायनल परीक्षेने होते. परीक्षक वही घेऊन मागे, पोरगं छपरावरून चालतंय, आणि सगळं अगदी आरटीओत लायसनची टेस्ट देतात तसं. अॅडमिशन, डोनेशन, नामांकित शाळा ह्या गोष्टी कळणाऱ्या माणसाला हे पुस्तक जरा जास्तच हसवतं. मालिकेतलं असलं तरी आधीचं काही वाचायची गरज नाही.

प्रश्न: भाऊ, मी हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. नाईटला मधे वेळ मिळतो तेव्हा मोबाईलवर वाचतो. नवीन काय आलंय ते सांगा, जुनं सगळं वाचून झालंय. आणि अर्धवट सोडलेली सिरीज सांगू नका, मी आधीच दोन ठिकाणी अडकून पडलोय. (वानाडोंगरी)

उत्तर: कुठे अडकलात ते न सांगता कळलं. एक गेम ऑफ थ्रोन्सवाला मार्टिन असणार, २०११ ला पाचवा भाग आला आणि आपण सगळे तेव्हापासून सहाव्याच्या नावाने बसलोय. दुसरा स्कॉट लिंच असेल तर त्याचा तिसरा भाग २०१३ चा. लिंचबद्दल मात्र एक सांगतो, त्याचं पहिलं पुस्तक, लॉक लमोरा नावाच्या ठगाचं, २००६ चं, ते एकट्यानेही पूर्ण आहे. पुढचं येवो न येवो.

आता नवीन. 'अँजी किल्स अ किंग', इव्हन लायकम, २०२५. नावातच सगळं सांगून टाकलंय. अँजी राजवाड्यातली धोबीण आहे, कपडे धुणारी, आणि ती राजाला मारते. हे पुस्तकाच्या शेवटी होत नाही हो, सुरवातीलाच होऊन जातं! मला आयडिया इतकी आवडली की मी एकदम हे मागवलं. आपण एवढी गुरू-शिष्य, विषं, चोर जिने वाचतो आणि इथे एक बाई, जिला कोणी काही शिकवलं नाही, ती आत जाऊ शकते कारण चादरी बदलणाऱ्या बाईकडे कोणी पाहतच नाही. मग ती पळते, आणि जनावरांचे मुखवटे घालणाऱ्या बक्षीसखोर शिकाऱ्यांच्या टोळीतली एक तिला पकडते, आणि पुढचं सगळं पुस्तक म्हणजे त्या दोघींचा परतीचा प्रवास. पकडणारी आणि पकडलेली, दोघीही खडूस. मधे थोडं रेंगाळतं. आणि हा पहिला भाग आहे, हे आधीच सांगतो, मग म्हणू नका भाऊंनी फसवलं.

त्याहून पक्कं पाहिजे असेल तर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांचं 'द टेंटेड कप'. २०२४ चं, आणि २०२५ चं ह्यूगो, म्हणजे फँटसी-विज्ञानकथांचं मोठं बक्षीस, ह्यालाच मिळालं. सरकारी खात्यातला एक इंजिनिअर अधिकारी एका श्रीमंताच्या बंगल्यात मेलेला सापडतो, आणि मेला कसा तर त्याच्या अंगातून झाड उगवलंय. छातीतून निघून छपराला भिडलंय! तपास करणारी बाई घराबाहेर पडत नाही, बहुतेक वेळा डोळ्याला पट्टी बांधून बसते, आणि तिचा नवखा असिस्टंट सगळीकडे जाऊन पाहून येतो, त्याला एकदा पाहिलेलं काहीच विसरता येत नाही. वेगवेगळ्या वासाच्या कुप्या हुंगून तो आठवणी लावतो. राज्य कसं तर दर पावसाळ्यात समुद्रातून अजस्र जनावरं येतात आणि सगळं सरकार, सगळे इंजिनिअर, ती समुद्राकाठची भिंत टिकवायच्या मागे. भिंत कोणाच्या सहीने बांधली, कोणी पैसे खाल्ले, दुरुस्ती कोणी पुढे ढकलली हे वाचताना तुम्हाला अजिबात परकं वाटणार नाही. नाईट शिफ्टला झोप येणार नाही ह्याची गॅरंटी. खून एका पुस्तकात सुरू होऊन त्याच पुस्तकात सुटतो, म्हणजे अडकायचं काम नाही. दुसरं पुस्तक २०२५ ला आलंय, त्यात नवीन केस.

बाकी दोन पटकन. जो ॲबरक्रॉम्बी यांचं 'द डेव्हिल्स', २०२५, एक बिचारा भित्रा साधू आणि त्याच्या गळ्यात मारलेली राक्षसांची टोळी, आणि वर पोपच्या गादीवर दहा वर्षांची मुलगी. शिव्या भरपूर, हसणं भरपूर, मोबाईलवर वाचताना बाजूच्याला दिसू देऊ नका. आणि अँटोनिया हॉजसन यांचं 'द रेवन स्कॉलर', तेही २०२५ चंच, नवा सम्राट निवडायची स्पर्धा चालू असताना एका स्पर्धकाचा खून होतो आणि तपास एका पुस्तकी अभ्यासक बाईच्या माथी येतो. जाड आहे. पण जाडीला घाबरणारे तुम्ही दिसत नाही.

प्रश्न: आपले सदर नियमित वाचतो. निवृत्त शिक्षक आहे. एक विचारावेसे वाटते की ह्या सर्व विलायती मारेकऱ्यांचे कौतुक कशासाठी? आपल्याकडे काय कमी आहे? (महाल)

उत्तर: सर, काहीच कमी नाही, आणि तुम्ही तर महालातच राहता, म्हणजे तुम्हाला मी काय सांगावं. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी भोसले बिछान्यात मेलेले सापडले, संशय चुलतभाऊ आप्पासाहेबांवर, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई होऊन सगळंच गेलं. रोज बर्डीवर त्या टेकडीखालून आपण ऑटोवाल्याशी भाव करत जातो आणि कोणाला त्याचं काही नाही. पुण्याचं तर पोरासोरांनाही माहीत आहे, ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव, सुमेरसिंग गारदी. पण लक्षात काय राहिलं पाहा. गारद्याचं नाव दहातल्या दोघांना आठवेल. लक्षात राहिला तो ध चा मा. वार करणारा विसरला जातो, कागदावर अक्षर बदलणारा हात लोकांच्या बोलण्यात राहतो.

आणि सर, 'मुद्राराक्षस' तुम्ही शिकवलंही असेल. विशाखदत्ताचं ते नाटक मी अजूनही कोणत्याही नव्या थ्रिलरसमोर उभं करतो. नंदांचा अमात्य राक्षस चंद्रगुप्ताला मारायला एकामागून एक डाव टाकतो आणि चाणक्य प्रत्येक डाव उलटवतो. विषकन्या पाठवली चंद्रगुप्तासाठी, ती गेली त्याच्या साथीदार राजाकडे, पर्वतकाकडे. वैद्याने औषधात विष कालवलं, सोन्याच्या भांड्यात औषधाचा रंग बदललेला चाणक्याला दिसला, आणि वैद्यालाच ते प्यावं लागलं. पण माझं सगळ्यात आवडतं ते मुंग्यांचं. चंद्रगुप्ताच्या निजायच्या खोलीच्या भिंतीत भुयार, त्यात मारेकरी दबा धरून बसलेले. चाणक्य खोली तपासायला आत येतो तर भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघते आणि प्रत्येकीच्या तोंडात भाताचं शीत. भिंतीत भात कुठून आला? म्हणजे आत माणसं जेवताहेत. संपलं. खोली पेटवून दिली. एवढे तयार मारेकरी, आणि मेले कशाने तर डब्यामुळे.

हे सगळं तिथे घडताना दाखवतही नाहीत हं, राक्षसाचा हेर येऊन त्याला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला राक्षसाचा चेहरा पडत जातो.

अर्थशास्त्रात तर त्याहून मजा आहे. कौटिल्याने हेरांचे प्रकार सांगितलेत, त्यात 'तीक्ष्ण' म्हणजे शस्त्राने मारणारा आणि 'रसद' म्हणजे विष देणारा. आता ह्या नोकरीला माणूस कसा निवडायचा? तीक्ष्ण असा पाहिजे की जो पैशासाठी जीव ओवाळून टाकून हत्तीशीही भिडेल. आणि रसद? ज्याला नातलगांबद्दल माया नाही, जो क्रूर आहे आणि आळशी आहे. आळशी! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत हसलो, मग पटलं. हत्तीशी भिडायला मेहनत लागते, विष कालवायला काय लागतं.

आता वर मानेवाड्याच्या पोराला मी जे सांगितलं ते ह्याच्या शेजारी ठेवून पाहा. कौटिल्य म्हणतो माया नसलेला माणूस शोधा. कादंबरीकार बरोबर उलटा शोधतो, माया असलेला, आणि मग त्याच्या हातात कुपी देतो. हॉबचं पोरगं कुत्र्याच्या पिल्लावर जीव टाकतं, म्हाताऱ्या गुरूवर टाकतं, ज्याने विकत घेतलं त्या आजावर टाकतं. कौटिल्याने त्याला मुलाखतीतच नापास केलं असतं. आणि म्हणून त्याची गोष्ट होते. पक्क्या रसदाची गोष्ट होत नाही हो सर, त्याचा फक्त पगार होतो.

तेव्हा विलायती वाचा असा माझा हट्ट नाही. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आहे, १८८८ ची, आमच्या वयाच्या लोकांनी रविवारी दूरदर्शनवर पाहिली पण मूळ हिंदी पुस्तक वाचलं नाही. वाचा, आपल्या नागपुरी माणसाला ती हिंदी काही जड नाही. त्यातले ऐयार, म्हणजे राजांचे हरहुन्नरी जासूद, वेष बदलतात, औषध हुंगवून बेशुद्ध करतात, गाठोड्यात बांधून पळवतात आणि पुन्हा लखलखा हुंगवून उठवतात. जीव शक्यतो घेत नाहीत. मारेकऱ्यांचे हे जरा सभ्य चुलतभाऊ. आणि मराठीत ह्या वाटेने सगळ्यात दूर कोण गेलं असेल तर जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा' मधल्या दोन दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', ह्यांना आपण फँटसी म्हणत नाही कारण आपल्याला तो शब्द हलका वाटतो. अनोळखी देश, अनोळखी देव, भविष्य सांगणारे, वाळवंट. दुसऱ्या कोण्या भाषेत लिहिल्या असत्या तर कव्हरवर किल्ला आणि घुबड छापून विकल्या असत्या.

असॅसिन हा शब्द हशीशवरून आला का असं तुम्ही पत्राच्या खाली विचारलंय. मूळ तिथलंच आहे, पण इराणातल्या ज्या पंथाला हे नाव पडलं त्याचे लोक नशा करून खून करायचे हे शत्रूंनी आणि प्रवाशांनी रंगवलेलं. तिथला अलमूत किल्ला ह्या पंथाच्या हसन-इ-सब्बाहने १०९० ला घेतला, १०९२ ला त्याच्या माणसाने वजीर निजाम-उल-मुल्कला मारलं आणि दरारा बसला, १२५६ ला मंगोलांनी किल्ला संपवला. नशेत झिंगलेल्या माणसाकडून महिनोनमहिने वेष बदलून राहायचं आणि नेमका माणूस गाठायचं काम होत नाही, हे तुमच्यासारख्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको, शेवटच्या बाकावरचे पाहिलेले असतात तुम्ही.

प्रश्न: आपल्या बाजूच्या लेखकाची, म्हणजे भारत, श्रीलंका वगैरे, अशी एखादी फँटसी आहे का? राजे-ड्रॅगनचा कंटाळा आला. (दीक्षाभूमीजवळून एक वाचक)

उत्तर: आहे, आणि तुमचा पत्ता पाहून तर हेच पुस्तक सांगावंसं वाटलं. वज्र चंद्रशेखर हे श्रीलंकेचे लेखक, पुस्तक 'द सेंट ऑफ ब्राईट डोअर्स', २०२३ चं, त्या वर्षीचं नेब्युला, हेही ह्यूगोसारखंच मोठं बक्षीस, मिळालेलं. मूल जन्मल्याबरोबर आई त्याची सावली खिळ्याने जमिनीला ठोकते आणि उपटून वेगळी करते. आणि मग त्याला वाढवते ते एकाच कामासाठी, बापाला मारायला. बाप कोण तर मोठा संत, लाखो लोक मागे. मुलाचं नाव फेटर, म्हणजे बेडी, बंधन.

सिद्धार्थाच्या मुलाचं नाव राहुल, त्या नावाचा अर्थ काय सांगतात ते तुम्हाला माहीत असेलच. तेवढं लक्षात ठेवून वाचा. सिद्धार्थ घर सोडून गेला ही गोष्ट आपण हजार वेळा ऐकलीय, मागे राहिलेल्या घराकडून ती कशी दिसेल हे फार थोड्यांनी विचारलं. लेखक त्या कथेचा आधार घेतो, पण त्याचा संत हा बुद्ध नाही, ते त्याने बनवलेलं वेगळंच पात्र आहे, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे गैरसमज नको. आणि हा मारेकरी मोठा होऊन शहरात येतो तर काय करतो? मारत नाही. नोकऱ्या शोधतो, मित्रांना फॉर्म भरून देतो, आणि ज्यांना कोणत्या ना कोणत्या देवाने निवडता निवडता सोडून दिलं अशा लोकांच्या गटात जाऊन बसतो. आईने शिकवलेलं सगळं अंगात आहे पण मन नाही. सोपं पुस्तक नाही. मधे कागदपत्रं, रांगा, छावण्या ह्यात ते मुद्दाम हरवतं. मला दोनदा वाचावं लागलं.

आता उरलेले, पटापट.

सक्करदऱ्याहून विचारलंय की एकच पुस्तक सांगा, पुढचा भाग नको, आणि चारशे पानांच्या आत. टी. किंगफिशर यांचं 'नेटल अँड बोन', २०२२. तिसरी राजकन्या, मठात शिवणटिपण करत वाढलेली, तिशीची, लाजाळू, ती ठरवते की बहिणीला छळणाऱ्या नवऱ्याला मारायचं, तो राजपुत्र असला तरी. खाजखुजलीच्या पाल्यासारख्या झुडपांच्या धाग्यांचा झगा विणते, हाडं जोडून कुत्रा करते, आणि तो कुत्रा शेपटी हलवतो. ह्यालाही ह्यूगो आहे, २०२३ चं. हुंड्यापायी मुली गेलेल्या पाहिलेल्या आपल्या लोकांना ह्यातला राग लगेच कळतो.

इंग्रजी जमत नाही, मराठीत काय आहे असं रामटेकहून पत्र आहे. टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणलंय, ते घ्या. मारेकरी नाहीत त्यात, पण अंगठीसाठी गळा दाबायला टपलेला एक जण शेवटपर्यंत मागे असतो, तो पुरतो.

आणि प्रतापनगरच्या ताई, तुम्ही फुटपाथवरून दीडशे रुपयात घेतलेल्या पुस्तकात ३०४ नंबरच्या पानानंतर परत २७३ आलं म्हणता, ते पायरेटेड आहे. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, बांधताना दोन फर्मे डबल लागले आणि त्यांच्या जागचे ३२ पानं गेलीच. माझंही असंच झालं होतं, ऐन खुनाच्या प्रकरणात, दारावर टकटक झाली आणि पान उलटलं तर नायक परत जेवायला बसलेला. मी दोन पानं वाचून गेलो की लेखकाने काहीतरी जादू केली असेल. परत नेलं तर पुस्तकवाल्याने शांतपणे चाळलं आणि म्हणाला, भाऊ, पानं तर जास्तच आहेत नं. ३०५ ते ३३६ मध्ये काय झालं ते पाहिजे असेल तर पुस्तकाचं नाव कळवा, माझ्याकडे असलं तर फोटो पाठवतो.